पंडुमाआधीची कैरी

संपादकांनी पत्रात लिहिलं, "तुमच्या कामातले गमतीदार अनुभव पाठवा." गमतीदार पुष्कळ आहेत, त्यातले दोन देतोही. पण एक अनुभव असा आहे की त्यात शहाणपणा करणारा मी होतो आणि नववीतल्या दोन मुलींचं पुण्याला जाणं माझ्यामुळे हुकलं. तो गाळायचा असेल तर बाकीचंही छापू नका, असं मी त्यांना कळवलं. ते म्हणाले, लिहा. म्हणून बसलोय.

मी नागभीडचा. हायस्कूलमध्ये भूगोल शिकवला. पण चंद्रपूर-गडचिरोलीत मला भूगोलाचा मास्तर म्हणून कोणी ओळखत नाही. मी 'जगवाले सर'. आम्हा शिक्षकांचं एक मंडळ होतं, ते दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांसाठी प्रश्नमंजुषा घ्यायचं. विषय एकच: जगातल्या लोकांच्या चालीरीती. कुठे पाहुण्याला मीठ-पाव देतात, कुठे नाकाला नाक लावून रामराम करतात, कुठे लग्नाच्या आदल्या दिवशी बश्या फोडतात. ह्या स्पर्धेचा प्रश्नकर्ता पहिल्या वर्षापासून मीच. प्रश्न काढणारा मी, विचारणारा मी, आणि भांडण झालं तर निवाडा करणाराही मीच. मी स्वतः तेव्हा हैदराबादच्या पुढे गेलेलो नव्हतो. बायको म्हणायची, "जगाच्या रीती सांगत फिरते हा माणूस, अन् घरी आलेल्या पाहुण्याले पाणी विचाराची रीत काही याले येत नाई." खोटं नव्हतं ते. पाहुणा आला की मी त्याला आधी विचारायचो, तुमच्याकडे अमुक सणाला काय करता हो? पाणी राहूनच जायचं.

बाहेरच्यांना वाटतं, प्रश्न काढणं म्हणजे काय, पुस्तक उघडा आणि उतरवा. आता तर फोनला विचारा, तो दहा सेकंदात शंभर प्रश्न ओकतो. अहो, ओकतो तेच खरं! चालीरीतीचा प्रश्न हा गणितासारखा नसतो. दोन अधिक दोन सगळीकडे चार. पण 'ह्या लोकांत अशी रीत आहे' असं म्हटलं की ती रीत अजून आहे का, सगळ्यांत आहे का, की कोणा प्रवाशाने एका घरी पाहिली आणि देशाच्या नावावर टाकली, हे सगळं तपासावं लागतं. माझा नियम होता: दोन ठिकाणी छापलेलं पाहिजे, आणि जमलं तर ते करणारा एक जिवंत माणूस भेटला पाहिजे. खोटे पर्यायही मी स्वतः घडवायचो. खऱ्या उत्तराशेजारी तीन खोटी अशी बसवायची की पोराला घाम फुटला पाहिजे, पण नंतर उत्तर कळल्यावर 'फसवलं' असं वाटता कामा नये. हे जमायला मला सहा-सात वर्षं लागली, आणि जमलं तेव्हा मी नागभीडच्या स्टेशनवर स्वतःला चहा पाजला होता.

जिवंत माणूस म्हणजे कसा, ते सांगतो. तिबेटात जीभ बाहेर काढून नमस्कार करतात, असा एक प्रश्न माझ्या वहीत होता. पुस्तकात होता, दोन पुस्तकांत होता. हिवाळ्यात वडशाच्या बाजारात स्वेटर विकायला तिबेटी बाया बसतात. त्यांची वस्ती आमच्या भागापासून फार लांब नाही. त्यातल्या एका वयस्क बाईकडून मी एक मफलर घेतला, मग दुसरा घेतला, आणि तिसऱ्याचा भाव करता करता विचारलं, "बाई, तुमच्यात जीभ दाखवून नमस्कार करतात का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता मफलर परत मागते. मग हसली. म्हणाली, "मेरे दादाजी करते थे. मैं करूँगी तो मेरी बहू मुझे डॉक्टर के पास ले जाएगी."

झालं. घरी येऊन मी 'करतात' खोडलं आणि 'पूर्वी करत' असं लिहिलं. लोक म्हणतील, एवढ्याशा फरकाने काय होतं? होतं. आपल्याबद्दल कोणी लिहिलं की हे लोक अजून बैलगाडीने ऑफिसला जातात, तर आपल्याला चालेल का? मला त्या खोडलेल्या शब्दाचा आजही अभिमान आहे. मफलर मात्र तीन झाले, आणि त्याबद्दल घरी बोलणी खाल्ली.

दुसरी गंमतही वडशाचीच. एका वर्षी तालुका फेरी होती आणि ठरलेला हॉल ऐनवेळी लग्नाला गेला. दिवस झाडीपट्टी नाटकांचे. एका कंपनीचा मांडव उभा होता, नाटक रात्री, म्हणजे दिवसा रंगमंच रिकामा. मालकाने मोठ्या मनाने दिला. पण माझी बझरची पेटी प्रवासात मेली होती. चार संघ, आणि पहिलं कोणी दाबलं ते कळणार कसं? तेव्हा त्या कंपनीचा खलनायक दाढी करता करता मांडवातून आला आणि म्हणाला, "भाऊ, टेन्शन काऊन घेता? आमच्याकडं वाजवाले कमी हाय का?" एका संघाला ढोलकी दिली, एकाला टाळ, एकाला घुंगरू, एकाला घंटा. पोरांना उत्तरापेक्षा वाजवण्यातच गोडी. प्रश्न पुरा व्हायच्या आत ढोलकी कडाडायची. घुंगरूवाला संघ हरला, आणि त्यांचे सर अपील घेऊन आले की आमचं वाद्य हलकं होतं. अपील मी मान्य केलं! त्यांना परत पाच प्रश्न दिले, तरी हरले. पण न्याय झाला म्हणून हसत गेले. त्या दिवसापासून सगळीकडे म्हणायला लागले की जगवाल्या सरांकडे न्याय मिळतो. ही ख्याती माझ्या डोक्यात गेली असावी. पुढे जे झालं ते तिच्यामुळेच झालं असं मला वाटतं.

आता ती गोष्ट.

आमच्या स्पर्धेत 'चाखा आणि ओळखा' नावाची एक फेरी होती. ही माझी कल्पना, आणि दोन्ही जिल्ह्यांत हिच्यावर टाळ्या पडायच्या. पळसाच्या पानाने झाकलेल्या वाट्या ठेवायच्या. संघातल्या एकाने चिठ्ठी उचलायची, त्या नंबरच्या वाटीतलं चाखायचं आणि सांगायचं की ही कोणाची रीत, कोणत्या सणाची. बारा द्राक्षं असली तर स्पेनचं नवं वर्ष. सफरचंद आणि मध असला तर ज्यू लोकांचं. दहा गुण.

ह्या फेरीत सातवा नियम मी नंतर घातला, आणि त्याला कारण होतं. एका वर्षी वाटीत आंबवलेले वास्ते होते. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब. उत्तर होतं नागालँडकडचं. शहरातल्या एका मुलाने पान उचललं, नाक दाबलं, "छी! हे सडलं आहे!" असं माईकमध्ये ओरडला आणि न चाखता बरोबर उत्तर देऊन दहा गुण घेऊन गेला. शेजारच्या टेबलावर धानोऱ्याकडची एक मुलगी बसली होती. तिच्या घरी वास्ते खातात. तिने मान खाली घातली ती कार्यक्रम संपेपर्यंत वर केली नाही. माझा संताप संताप झाला. दुसऱ्याच दिवशी मी नियम लिहिला: चाखल्याशिवाय उत्तर ग्राह्य नाही. तोंड वाकडं केल्यास दोन गुण वजा. कोणालाही सवलत नाही. दुसऱ्याच्या ताटातलं नाक मुरडून ओळखायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. चांगला नियम होता. आजही म्हणतो, चांगला होता.

त्या वर्षीची अंतिम फेरी गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात होती, चंद्रपूरला. जिंकणारा संघ पुण्याला राज्याच्या फेरीला जाणार. चार संघांत एक एटापल्लीच्या पल्याडच्या आश्रमशाळेचा होता. दोन मुली, जैनी आणि कमला. दोघी एकाच माडिया गावच्या, दोघी नववीत. दहावीला आम्ही घेत नसू, म्हणजे त्यांची ही शेवटची संधी. त्यांच्यासोबत वेलादी सर, त्यांचे वर्गशिक्षक. आदल्या दिवशी तीन एसट्या बदलून आले होते. त्यांच्या शाळेतून अंतिम फेरीला पोचलेला हा पहिला संघ. खरं सांगतो, प्रश्नकर्त्याने कोणाची बाजू घ्यायची नसते, पण माझं मन त्या टेबलाकडे झुकलेलं होतं.

आणि ती जैनी! बारीक, काळी, दोन वेण्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिला पाठांतर फारसं नव्हतं. ती विचार करायची. मी विचारलं, "जपानात जेवताना काड्या भातात उभ्या खोचत नाहीत. का?" बाकी तिन्ही संघ गप्प. जैनीने घंटी दाबली.

"मेलेल्याच्या भातात तशा खोचत असतील, सर."

अगदी बरोबर! मी नियम मोडून विचारलं, "कुठे वाचलंस?"

"वाचलं नाई, सर. आमच्याकडं बी मेलेल्याचं वेगळं करतात. जे मेलेल्याचं तसं जित्याले कसं द्याचं?"

सभागृह टाळ्यांनी हाललं. इतकी वर्षं मी ज्यासाठी घसा कोरडा करत होतो ते हेच होतं. दूरच्या माणसाची रीत ही आपल्याच रीतीची शेजारीण आहे, हे त्या पोरीला कोणी न शिकवता कळलं होतं. माझी छाती फुगली. जणू तिला मीच शिकवलं होतं.

शेवटच्या फेरीआधी त्यांचा संघ चार गुणांनी पुढे होता, चंद्रपूरच्या एका मोठ्या शाळेच्या. त्या शाळेने मीठ-पाव ओळखून दहा गुण घेतले. आता जैनीची वाटी. चार गुण पुढे असल्यामुळे दहा मिळाले की पुणं पक्कं. हे मला माहीत, पोरींना माहीत, सगळ्या सभागृहाला माहीत. कमलाने बाकाखाली जैनीचा हात धरला होता, तो मला वरून दिसत होता.

जैनीने चिठ्ठी उचलली. तीन नंबर. मी मनात म्हटलं, पोरगी नशीबवान आहे. तीन नंबरला उगादीची पच्चडी होती. नव्या वर्षाला तेलुगू घरांत करतात ती. चिंच, गूळ, कडुनिंबाची फुलं, कैरी, तिखट, मीठ. सिरोंचाकडे घरोघर होते. ही पोर डोळे मिटून सांगेल.

तिने पान उचललं. वाकून वास घेतला. चमचा हातात घेतला, आणि परत ठेवला.

"सर, यात कैरी हाय."

"असेल. चाख आणि सांग."

"मी नाई खात, सर."

"का? आवडत नाही?"

"आवडते."

लोक हसले. मीही हसलो. "मग घोडं कुठे अडलं?"

"आमचा मरका पंडुम नाई झाला अजून."

हे शब्द सभागृहात फारच थोड्यांना कळले. मला कळले, आणि तिथेच माझा गुन्हा मोठा होतो. पंडुम म्हणजे सण, मरका म्हणजे आंबा. झाडाला कितीही कैऱ्या लागोत, गावचा गायता, म्हणजे पूजा करणारा माणूस, जोवर पहिली कैरी गावच्या देवाला देत नाही तोवर ती कोणी तोंडाला लावत नाही. आधी ज्याने दिलं त्याला, मग आपण. जगात नव्या धान्याच्या, नव्या फळाच्या अशा रीती किती आहेत, त्यावर माझ्याच वहीत दीड पान होतं.

"वासावरून सांगू का, सर? मले ठाऊक हाय काय आहे ते."

पाच मिनिटांपूर्वीच मी माईकवरून ठणकावून सांगितलं होतं की सातव्या नियमाला सवलत नाही. मागे वेलादी सर उठून उभे राहिले. "सर, तिची अडचण अशी हाय की..." मी हात वर करून त्यांना थांबवलं. म्हटलं, अपील निकालानंतर. मी न्यायी माणूस ना! सगळ्यांना सारखा.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला तिला मदत करायची होती. तिने जिंकावं असं मला खरंच वाटत होतं. म्हणून मी माईक बाजूला करून हळूच म्हणालो, "अगं बेटा, गाव इथून किती दूर. इथे कोण पाहतंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी काहीतरी अगदी सोपं चुकलोय असं.

"मी पाहून राह्यली ना, सर."

मी शून्य दिलं. दुसरं काय देणार होतो, असं तेव्हा वाटलं. पाटीवर त्यांच्या नावापुढे शून्य लागलं, सहा गुणांनी मोठी शाळा जिंकली, ढोल वाजले. जैनीने वाटीवर पान परत नीट झाकलं, कडा जुळवून. कमला रडत होती, जैनी नाही.

अपील आलंच नाही. मी वाट बघत होतो, खोटं कशाला सांगू. अपील आलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. वेलादी सर नमस्कार करायला आले तेव्हा मी विचारलंही. ते म्हणाले, "तीच नको म्हणते, सर. म्हणते, नियम सरांचा हाय, पंडुम आमचा हाय. आपापलं पाळलं." मग जाता जाता म्हणाले, "होळी झाल्यापासून मेसच्या वरणात कैरी असते. ह्या दोघी तवापासून मीठ-भातच खाऊन राह्यल्या."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, जरा फुशारकीनेच, की नियम म्हणजे नियम. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही इचारलं का, रीत कोणाची अन् सण कोणता?"

"हो."

"पोरीनं सांगतलं ना. आमची, अन् मरका पंडुम."

चालीरीतींच्या स्पर्धेत त्या दिवशी चार टेबलांवर आठ मुलं होती. सात जणांनी चालीरीती सांगितल्या. एकीने पाळली, पुणं समोर ठेवलेलं असताना पाळली, आणि तिला मी शून्य दिलं. नियम मी कोणासाठी केला होता? दुसऱ्याच्या ताटाचा मान राखावा म्हणून. तिच्याइतका मान त्या कैरीला त्या सभागृहात कोणी दिला नव्हता. भूगोलाचा मास्तर, दीड पान लिहिलेला माणूस, आणि समोर बसलेली रीत मला दिसली नाही. दिसली, पण मी ती मोजली नाही. हे आणखी वाईट.

मी मंडळाला लिहिलं की चूक प्रश्नकर्त्याची आहे, निकाल बदला. मंडळाने कळवलं की जिंकलेल्या संघाची नावं पुण्याला गेली, आता बदल होत नाही. त्यांचंही बरोबर. त्या दुसऱ्या पोरांनी तरी काय वाईट केलं होतं? मी निकालाच्या वहीत तीन नंबरपुढे लाल शाईने 'चूक माझी' असं लिहून सही केली. एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

आणि नियम बदलला. खोडला नाही, बदलला. 'चाखायचं नसेल तर का नाही ते सांगा. कारण रीतीचं असेल तर पूर्ण गुण.' मंडळातले म्हणाले, आता पोरं खोट्या रीती सांगून गुण लुटतील. मी म्हटलं, लुटू द्या, मी पकडतो. पुढच्या वर्षी पोंभुर्ण्याला एका जैन मुलाने वाटीतला कांदा पाहून का खायचा नाही ते असं समजावून सांगितलं की त्याच्याच वर्गातली पोरं म्हणाली, अरे, आम्ही तुला उगाच चिडवत होतो. एका मुलीचा रोजा होता. तिने सांगितलं, वाटी झाकून ठेवा, सूर्य मावळल्यावर चाखून उत्तर देईन. आम्ही निकाल तेवढा वेळ थांबवला. सगळं सभागृह बसून राहिलं, एक माणूस उठला नाही! खोटी रीत सांगणारेही निघाले, नाही म्हणत नाही. एकाने त्यांच्या घराण्यात कारलं वर्ज्य असल्याचं सांगितलं, आणि मागून त्याची आईच म्हणाली, "खोटं बोलते मेला!" पण माझ्या सगळ्या फेऱ्यांत ही फेरी सर्वांत मोठी झाली, ती जैनीने न खाल्लेल्या एका चमच्यामुळे. हे मी दर वर्षी माईकवरून सांगायचो, तिचं नाव घेऊन.

पण तिला तोंडाने सांगायचं राहिलंच होतं. त्याच उन्हाळ्यात वेलादी सरांचा फोन आला. "परवा गावात मरका पंडुम हाय, सर. जैनी म्हणते, सरांले याचं असलं तर येऊ द्या."

मी गेलो. एटापल्लीपर्यंत एसटी, पुढे वेलादी सरांच्या मोटारसायकलवर मागे. वाटभर माफीचं भाषण मनात घोळवत होतो. बोलण्यावर आयुष्य काढलेला माणूस मी, पण वाक्य काही जुळेना.

गावाबाहेर झाडाखाली लोक जमले होते. गायता म्हणजे माझ्याच वयाचा, सडपातळ माणूस. त्याने कैऱ्या मांडल्या, देवाशी बोलावं तसं बराच वेळ बोलला, मग फोडी केल्या, ठेवल्या, आणि एक स्वतःच्या तोंडात टाकली. पानांतून फोडी सगळ्यांकडे आल्या. माझ्याही हातावर आली. मी मनात म्हटलं, बघा, ह्या वेळी सगळं रीतीप्रमाणे. देवाला दिली, गायत्याने खाल्ली, आता आपली पाळी. सगळ्यांना दिसेल अशा आदराने मी फोड कपाळाला लावली आणि तोंडाकडे नेली.

शेजारी बसलेल्या म्हातारीने माझं मनगट धरलं. काय धरलं होतं! सुटेना. ती जैनीची आजी होती. माडियात काहीतरी म्हणाली. मी आजूबाजूला पाहिलं. एकानेही फोड खाल्ली नव्हती. सगळे ती पानात गुंडाळत होते.

वेलादी सर घाईघाईने म्हणाले, "सर, थांबा. ह्या गावात आधी घरी नेतात. घरातल्या गेलेल्या माणसांले देतात. मग आपण."

समोर बायकांत जैनी बसली होती. ती माझ्याकडे बघत होती, तशीच, सरळ.

"सर," ती म्हणाली.

"काय गं?"

"शून्य."

वेलादी सरांनी लोकांना ते माडियात सांगितलं, आणि पुढे सगळी हकीकतही सांगितली असावी, कारण गायत्यासकट अख्खं गाव हसायला लागलं. आजीने तर हसता हसता माझी पाठ बडवली, मनगट मात्र सोडलं नाही.

"मला हा नियम माहीत नव्हता," मी म्हणालो.

"चाखाच्या आधी इचाराचं ना, सर."

बरोबर होतं तिचं. मी दोन्ही जिल्ह्यांना ते विचारायला शिकवत फिरलो होतो. लोक घरोघर गेले. मला कुठे जायला घर नव्हतं, म्हणून मी फोड तळहातावर घेऊन जैनीच्या अंगणात खाटेवर बसलो. उन्हात कैरीचं पाणी मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत आलं. ती आतून बाहेर आली तेव्हा मी भाषण वगैरे सोडून दिलं.

"जैनी, तुमचं पुणं माझ्यामुळे गेलं. चूक माझी होती. तू बरोबर उत्तर दिलं होतंस."

"पुणं कुठी जाते, सर? हाय तिथीच." मग खालच्या आवाजात म्हणाली, "कमला लय रडली पण. तिनं रेल पाह्यली नाई कधी. रेलमंदी बसाचं होतं तिले."

हे मला ठाऊक नव्हतं. माफीचं भाषण तयार करताना मी एकट्या जैनीचा विचार केला होता. कमला कुडाच्या पलीकडे उभी राहून ऐकत होती, तिची वेणी दिसत होती.

"कमला," मी मोठ्याने म्हणालो, "नागभीडला माझ्या घरामागेच रेल्वे आहे. येशील? तिथून बसवून तुम्हा दोघींना पुण्यापर्यंत मी स्वतः नेतो. स्पर्धा नाही, वाटी नाही, काही नाही."

वेणी हलली. "कधी?"

"म्हणशील तेव्हा."

"धान कापून झालं का मग," ती म्हणाली, आणि कुडाच्या ह्या बाजूला आली.

दिवाळीनंतर त्यांचं धान निघालं आणि आम्ही निघालो. बायकोही आली, तिनेही पुणं पाहिलेलं नव्हतं. पंडुमाच्या दिवशी अंगणात मात्र जैनीने आजीकडे पाहिलं, आजीने मान हलवली, आणि तिने पानात बांधलेलं मीठ माझ्यापुढे ठेवलं.

"आता खा, सर."

मी खाल्ली. इतकी आंबट की डोळ्यांतून पाणी आलं. ते कैरीचंच होतं, असं मी त्या दोघींना सांगितलं.